चुटकीला उत्तर

अलिबागच्या शंभरी ओलांडलेल्या अंधशाळेला उद्यापासून टाळं लागणार होतं. मुलं नव्या इमारतीत गेली होती. नवऱ्याची अर्धी विणलेली वेताची खुर्ची तेवढी घरी न्यावी, म्हणून केसर दिवस कलताना आली. तिचा नवरा जीवन इथे मुलांना वेतकाम शिकवायचा, तोही जन्मांधच. गेल्या श्रावणात तो गेला.

"वैनी, आत लाइट न्हाय हां," राखणदार हर्षद म्हणाला. "बॅटरी देऊ?"

"नको रे. त्यांच्या शालंत कसली बॅटरी!"

आतला लांब बोळ काळोखा होता. भिजलेल्या वेताचा वास अजून होता, आणि भिंतींपलीकडे समुद्राची गाज.

शाळेची एक रीत होती. बोळातून जाताना चुटकी वाजवायची. समोरून कुणी येत असेल तर त्यानेही वाजवायची, मग दोघांनी आपापली डावी भिंत धरायची, म्हणजे टक्कर होत नाही. जीवनची चुटकी जोडीची: एक ठसठशीत, मागून एक हलकी. घरी मोरीकडे जातानासुद्धा वाजवायचा, आणि केसर त्याची टर उडवायची.

ती बोळाच्या मध्यावर आली आणि समोरून चुटकी ऐकू आली. ठसठशीत... मग हलकी.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जीवनची मेल्यावरही गेली नव्हती.

केसरचा हात वर गेला, आणि थांबला. उत्तर दिलं तर तो भिंत धरून शेजारून निघून जाईल. गप्प राहिलं तर सरळ येऊन धडकेल. तिला तेवढंच हवं होतं. एकदा त्याचा हात लागावा, मग काय व्हायचं ते होवो. ती वाटेत मधोमध उभी राहिली, श्वास आवरून.

पावलं आली. तिच्यासमोर थांबली. गार बोटं तिच्या कपाळावर टेकली, भुवयांवरून गालावर उतरली. जीवन तिला असाच तर बघायचा. मग तिचे दोन्ही हात कुणी हातांत घेतले, आणि केसरला रडू फुटलं.

"अवो... किती वाट बघाया लावलीत..."

हातांवरची पकड घट्ट झाली.

इतक्यात बोळाच्या पार त्या टोकाला चुटकी वाजली. ठसठशीत... मग हलकी.

"कोन हाय का?" तिकडून जीवनचा आवाज आला. "केसर... तू हाय का गं?"

तिने ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना. चुटकी वाजवायला बोटं जुळवली, तर धरणाऱ्याने ती एकेक करून मिटवली.

जीवनने पुन्हा एकदा चुटकी वाजवली.

"कोनीच न्हाय," तो स्वतःशी म्हणाला, आणि त्याची पावलं लांब लांब गेली.

केसरचे दोन्ही हात अजून कुणाच्या तरी मुठीत होते. आणि तिच्या गालावरून बोटं सावकाश फिरतच होती.