कानातल्याची फिरकी

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघांचे फक्त डोळे दिसत होते. डोक्यावर जाळीची टोपी, तोंडावर मास्क, अंगात गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट. बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियरची एकच जागा होती आणि शेवटच्या फेरीला ही दोन माणसं उरली होती. मुलाखतीआधी कारखाना बघून या, असं क्वालिटीच्या मॅडमनी फर्मावलं होतं.

"तुम्हीच का माझा पत्ता कापणार?" हात धुता धुता त्यानं विचारलं.

"तसा विचार आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. त्याच्या दाढीलाही वेगळी जाळी बांधली होती.

"हसा, हसा. मास्कमधूनही कळतं."

"कसं?"

"डोळे बारीक होतात... छान होतात."

आता प्रतिस्पर्ध्याचं असलं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. तिनं घेतलं. तासभर दोघं भट्टीपासून पॅकिंगपर्यंत हिंडले. हवेत गरम बिस्किटांचा गोड वास होता. यंत्रांच्या खडखडाटात काही विचारायचं म्हणून तो तिच्या कानाशी वाकायचा आणि तिचं उत्तर हटकून चुकायचं. खरं तर तिनं डोकं ठिकाणावर ठेवायला हवं होतं. जुनी नोकरी जाऊन वर्ष झालं होतं, ही सातवी मुलाखत होती, आणि घरी फोन वाजला की बाबा आधी तिच्या तोंडाकडे बघायचे.

बाहेरच्या खोलीत आल्यावर तिनं टोपी काढून डब्यात टाकली, आरशात पाहिलं आणि तिचा हात कानाकडे गेला. अंगठी, घड्याळ, साखळी, सगळं तिनं आठवणीनं काढलं होतं. पण कानातले बारीक खडे बारावीपासून कानातच होते. तेही दागिने आहेत, हेच ती विसरली होती! आणि उजव्या खड्याची मागची फिरकी गायब होती.

बेसिनवरच्या आरशातून तो बघत होता. त्यालाही कळलं होतं. त्यानं नजर वळवली आणि हात धुवायला घेतले.

फिरकी ती केवढी? मसुराएवढीसुद्धा नाही. ती गप्प बसली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण एखाद्या लेकराच्या घासात ती गेली तर... ती तडक मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, माझी फिरकी हरवलीय. बहुतेक आत, पॅकिंगमध्ये."

"फिरकी घेताय का माझी?"

"नाही हो मॅडम. कानातल्याची."

मॅडमचा चेहरा उतरला. "धातू पकडणारं यंत्र आहे की लाइनवर."

"आहे. पण एवढी बारीक वस्तू ते पकडेलच, असं मी लिहून देणार नाही."

लाइन थांबली. तासाभराचा सगळा माल बाजूला काढून त्यावर लाल पट्ट्या लागल्या. ती भिंतीशी उभी होती. नोकरी तर गेलीच, आता बाबांना काय सांगायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि तो? तो खाली बसून वापरलेल्या टोप्यांचा डबा उपसत होता; लाइन थांबल्यावर बाहेर आलेल्या कामगारांच्या टोप्याही आता त्यात पडल्या होत्या. एकेक टोपी उलटी करायची, इलॅस्टिक चाचपायचं, पुढची घ्यायची. तेहतिसाव्या टोपीत फिरकी सापडली, तिच्याच एका लांब केसात गुंतलेली.

"अख्ख्या कारखान्याची फिरकी घेतलीत हो तुम्ही," तो म्हणाला. फिरकी तिच्या तळहातावर ठेवताना त्याची बोटं जरा रेंगाळली.

मग मुलाखती झाल्या. आधी त्याची, नंतर तिची. संध्याकाळी मॅडमनी तिला पुन्हा आत बोलावलं. "चूक मोठी होती. पण आपली चूक स्वतः येऊन सांगणारं माणूस मला हवंच होतं. एक तारखेला या."

ती जवळजवळ धावतच बाहेर आली. बसथांब्यावर तो बसला होता, मास्क नाही, जाळी नाही, अख्खा चेहरा उघडा. तो चेहरा तिला आवडला. फार आवडला. त्यामुळेच ती बसच्या पाटीकडे बघू लागली.

"अभिनंदन," तोच म्हणाला.

"तुमचं... कुठे अडलं?"

"मॅडमनी विचारलं, फिरकी नाही हे तुम्हाला दिसलं होतं का? म्हटलं, हो. मग लगेच येऊन का नाही सांगितलंत? म्हटलं, त्या स्वतः सांगतील याची खात्री होती."

"मग?"

"म्हणाल्या, ओळख तासाभराची. न तपासता खात्री कसली?"

"बरोबरच आहे त्यांचं," ती कशीबशी म्हणाली. "क्वालिटीच्या माणसानं असं करायचं नसतं."

"माहीत आहे. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन."

बस आली, थांबली, निघून गेली. दोघांपैकी कोणीही जागचं हललं नाही.

"मग आता तरी नीट तपासून घे," ती म्हणाली. 'घ्या' म्हणायचं ते 'घे' कसं झालं, तिचं तिलाच कळलं नाही.

तो बाकावर जरा सरकला. "मी फार हळू तपासतो हं... वर्षं लागतील."

"लागू देत," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.