गिरणवीराचं बारसं

दादर स्टेशनपासून जरा आतल्या गल्लीत असलेल्या कॉमिक्सच्या दुकानात मनवा उभ्या उभ्या नवा अंक वाचत होती, आणि पानागणिक तिचं डोकं तापत होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन काय कमी होतं, म्हणून त्यात हे! ज्याच्या मरणावर ती ढसाढसा रडली होती तो गिरणवीर 'सगळे परतले' नावाच्या या जाडजूड विशेषांकात गिरणीच्या राखेतून उठला होता. दुसऱ्या कॉमिक्समधली कोळीवाड्याची दर्याराणीही समुद्रातून वर आली होती. दोन्हीकडचे मेलेले एकाच अंकात उठवले की दोन्हीकडचे वाचक तो अंक घेणार, हे न कळायला मनवा काही कुक्कुलं बाळ नव्हती. तेही तिने सोसलं असतं. पण इतक्या वर्षांनी आपल्या प्रेयसीच्या, रत्नाच्या दारात उभं राहून हा बाबा म्हणतो काय, तर, 'चहा आहे का?'

"चहा?" मनवा मोठ्यांदा म्हणाली. "ती बिचारी रोज तुझ्या फोटोला हार घालतेय, आणि तुला चहा हवाय?"

दुकानदाराने मानही वर केली नाही. सकाळपासून त्याने असं बरंच ऐकलं होतं. पण मागे कुणीतरी हलकेच खाकरलं.

"मनवा... चहा घेणार?"

वळायच्या आधीच तिला कळलं. हेरंब! दोन वर्षांत एक मेसेज नाही, फोन नाही, आणि आता हा असा समोर. चष्मा नवा होता. एका गालात अडकून बसणारं हसू मात्र जुनंच. ते बघून मनवाला क्षणभर बरं वाटलं आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला.

"नको," असं म्हणून ती झोकात बाहेर पडली. आणि अंकाचे पैसे द्यायचे राहिले म्हणून तिला तितक्याच झोकात परत यावं लागलं.

"परत आलीस," हेरंब म्हणाला.

"पैसे द्यायला."

आता या दोघांचं मागचं सांगितलं पाहिजे. करी रोडच्या एका चाळीत, जिन्याखालच्या खोलीत 'गिरणवीर मित्रमंडळ' आहे. कॉमिक्सच्या चाहत्यांचा कुठे ग्रुप असतो, कुठे क्लब असतो. इथे मंडळ असतं, आणि मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला. अध्यक्ष अण्णा हे जुने गिरणी कामगार. ते कॉमिक्स वाचत नसत, पण गिरणीच्या चिमणीची चित्रं मात्र मन लावून बघत. गिरणवीर मेला तेव्हा मंडळाने रीतसर शोकसभा घेतली आणि नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर लावला.

बॅनरवाल्याकडे फोटो पाठवायचं काम मनवाचं होतं. मधोमध हाराच्या चौकटीत गिरणवीर, आणि खाली छोट्या गोलांत शोकाकुल सभासद, असं ठरलं होतं. हेरंबने हौसेने गिरणवीराचा वेश करून, कमरेवर हात ठेवून काढलेला फोटो दिला होता. बॅनरवाल्याने बापड्याने कॉमिक्स कधी पाहिलेलं नव्हतं. चित्रातला माणूस कसा मरेल, असा विचार करून त्याने हेरंबला हार घातला आणि खऱ्या गिरणवीराला खाली शोकाकुलांत बसवलं.

हेरंबची आई, सरोजिनीकाकू, भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी बॅनर पाहिला आणि भाजीसकट फुटपाथवर बसल्या. अँटॉप हिलची मावशी रडत रडत टॅक्सीने आली. संध्याकाळी सगळा नाका पोट धरून हसत होता. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं अण्णांनी काकूंना समजावलं. हेरंब तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी बेंगळुरूला निघणार होता आणि त्या संध्याकाळी त्याला मनवाशी काहीतरी बोलायचं होतं. ते राहिलंच. "तू तर मला आधीच पोचवलंस," एवढंच म्हणून तो गेला.

मनवाने त्याला मेसेज करून विचारलं होतं, 'पोचलास का?' त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. मग दोन वर्षं काहीच नाही.

आणि आता त्याला चहा हवा होता!

त्या रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. शिवाने आनंदाने गुलालाचे फोटो टाकले. हितेंद्रने, ज्याचे तुकडे झाले तो अख्खा कसा उठला, यावर निबंधच लिहिला. मनवाच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं नाव पूर्वी. रत्नाने चहाऐवजी कानाखाली द्यायला हवी होती, असं तिचं मत पडलं. मनवाने लिहिलं, 'मेलेल्याने मेलेलंच राहावं. निदान आठवण तरी चांगली राहते.'

दोन वर्षं त्या ग्रुपवर मुका असलेला हेरंब खाली उगवला. 'आणि ज्याला चुकून मारलं होतं त्याने?'

मनवाने बरंच काही टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. शेवटी एकच ओळ पाठवली. 'त्याने पोचल्यावर कळवावं.'

 पूर्वीने तिला वेगळा मेसेज करून विचारलं, की तू नक्की गिरणवीरावरच चिडलीयस ना? मनवाने फोन उशीखाली ढकलला. पूर्वीला कशाला सगळं कळायला हवं!

रविवारी मंडळाची बैठक बसली. गिरणवीराला परत मानायचं की नाही, यावर दोन तट पडले आणि विरोधी तटाची पुढारी अर्थातच मनवा. हेरंब मागे भिंतीला टेकून उभा होता. परळच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत त्याला नोकरी लागली होती आणि तो कायमचा परत आला होता, असं शिवाने सगळ्यांना सांगून झालं होतं. कायमचा! मनवाला तो शब्दच नको होता. गिरणवीरही पुढच्या अंकात पुन्हा मरणार नाही कशावरून? एकदा रडून झालं होतं तिचं. पुन्हा विश्वास ठेवायचा आणि पुन्हा दोन निळ्या खुणांकडे बघत बसायचं, हे तिला आता झेपणार नव्हतं.

ती तावातावाने बोलत राहिली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "गो मनवा, परत इलेल्या माणसाक पयला पाणी देतत. मगे गाळी."

खोली हसली. मनवा नाही हसली.

मग अण्णांनी निकाल दिला. एकदा श्रद्धांजली वाहिलेला माणूस परत आला की त्याला नवा जन्म धरतात आणि त्याचं पुन्हा बारसं करतात. मंडळ गिरणवीराचं बारसं करणार. रीतसर, पाळण्यासकट! कानात नाव सांगायला आत्या हवी, तर ती होईल मनवा. जो जास्त बोलेल त्याच्याच गळ्यात काम, हा मंडळांचा जुना न्याय. मनवाने कपाळावर हात मारला. पाळणा सजवायला तिच्या जोडीला हेरंबला दिलं, तेव्हा दुसराही हात कपाळावर गेला.

आदल्या संध्याकाळी दोघं जिन्याखालच्या खोलीत झेंडूच्या माळा ओवत बसली होती. हेरंबचा दोरा सारखा सुईतून निसटत होता. मनवाने तीनदा ओवून दिला. चौथ्यांदा त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघांनी एकदमच हात मागे घेतले.

"हे तू मुद्दाम करतोयस."

"पहिल्यांदा खरंच निसटला होता."

तिला हसू आलं. तिने ते झेंडूत लपवलं.

"मनवा, त्या बॅनरचा राग नव्हता गं मला," तो म्हणाला. "म्हणजे होता, पण गाडी सुटेपर्यंत. तुला छान काहीतरी लिहायचं म्हणून मी थांबलो. आठवडा गेला. मग वाटलं, आता नुसतं 'पोचलो' कसं लिहू? महिन्याने तर आणखीच लाज वाटायला लागली. जितका उशीर, तितकं मोठं काहीतरी लिहायला हवं होतं, आणि मला ते जमेना. मग वाटलं, लिहिण्यापेक्षा जाऊनच उभं राहावं."

"आणि उभा राहून काय म्हणालास? चहा घेणार!"

"घाबरलो होतो," हेरंब म्हणाला. "आईशप्पथ. तुला समोर बघून दुसरं काही सुचलंच नाही."

मनवाने हातातली माळ खाली ठेवली. इतका साधा, इतका बावळट गुन्हा... आणि आपण दोन वर्षं त्यावर केवढा डोंगर रचला! तिला रडू येत होतं, राग येत होता आणि त्याच्या सुईत पाचव्यांदा दोरा ओवावासाही वाटत होता. तिने ओवून दिला आणि घरी निघून गेली.

बारशाला अख्खी चाळ लोटली. पाळण्यात गिरणवीराचा पुठ्ठ्याचा पुतळा निजला होता. पाय बाहेर येत होते, पण दृष्ट लागू नये म्हणून त्याला तीटसुद्धा लावली होती. घुगऱ्यांचं पातेलं सरोजिनीकाकूंनी धरलं होतं. मनवाने वाकून पुठ्ठ्याच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि पूर्वीने व इतर बायकांनी जुने हिशेब चुकते केल्यासारखे तिच्या पाठीत धपाटे घातले.

तेवढ्यात शिवा ओरडला, की बॅनरवर हार तर हेरंबच्या फोटोला होता, मग त्याचं बारसं नको का? अण्णांनी मान डोलावली. नियम तो नियम. हेरंबला धरून पाळण्यापाशी बसवलं. काकूंनी कौतुकाने मनवाला पुढे ढकललं.

"ये गं, मनवा. तू आत्या आहेसच. याच्याही कानात सांग."

मनवा दोन पावलं गेली. हेरंब मान तिरकी करून, कान पुढे करून बसला होता. डोळे गच्च मिटलेले.

"नाही," ती म्हणाली. "याची आत्या मी होणार नाही."

"का गं?" काकूंनी भाबडेपणाने विचारलं.

 मनवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग पूर्वी फिसकन हसली, काकूंचा हात घुगऱ्यांत तसाच राहिला, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी मनवाला बाजूला घेतलं, आपल्या शेजारी उभं केलं आणि पूर्वीला खूण केली. "तू हो बाई आत्या."

हेरंबने डोळे उघडले होते. पूर्वी त्याच्या कानात कुर्रर्र करत होती, बायका तिला बडवत होत्या, आणि तो त्या गोंधळातून एकटक मनवाकडे बघत होता.

गर्दी घुगऱ्यांकडे वळली तेव्हा तो उठून तिच्यापाशी आला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आता हा पुन्हा चहा म्हणणार, असं वाटून मनवाने घाईने कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला.

"आधी पाणी पी," ती म्हणाली. "दोन वर्षांच्या शिव्या आहेत. सावकाश देईन."

हेरंब एका दमात पाणी प्यायला. मग त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं, आणि मनवाच्या हातातला फोन थरथरला.

'पोचलास का?' या जुन्या प्रश्नाखाली आता उत्तर होतं. 'हो. पोचलो.'