डॉक्टरांची गरनाळ

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने इथेच थांबावं, माझं काही म्हणणं नाही. पण जिच्यामुळे ती आमच्या घरात अजून जिवंत आहे, ती जानकी आत्या आत्ता या क्षणी पडवीतल्या बाकावर बसून सुपारी कातरते आहे.

तिच्यासमोर हा विषय कोणी काढत नाही.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना किनाऱ्यालगत आमची वाडी लागते. नाव मुद्दाम सांगत नाही. साल चौसष्ट की पासष्ट, यावर घरात अजून वाद आहे. दिवस मात्र सगळ्यांना पक्का ठाऊक आहे. दिवाळीच्या तोंडावरची, वादळ सुटलेली तिन्हीसांज.

सहदेव म्हणजे माझे आजोबा. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते, म्हणून मी त्यांना सहदेवच म्हणते. घर मच्छीमारांचं, पण या माणसाने होडीत पाय ठेवला की ओकारी यायची. "खलाशाच्या घरात जल्मलो आणि दर्याक बघून ओकता!" असं लोक तोंडावर म्हणायचे. शेवटी त्याने तिठ्यावर सायकलींचं दुकान टाकलं. पुढे पाण्याचे पंप आले, इंजिनं आली, आणि सहदेवला सूर सापडला.

धाकटा भाऊ बाबली मात्र अगदी उलटा. जमिनीवर करमायचंच नाही त्याला. संध्याकाळी होडी घेऊन परतला की खाडीच्या तोंडाशी शंख फुंकायचा. एक लांब... मग दोन तोकडे. तो शंख ऐकला की त्याची बायको तुळसा चुलीवर भाताचं आधण ठेवायची. मग सहदेव भावजयीला चिडवायचा, "शंखाक भात मिळता, माका मात्र हाक मारूची लागता."

आमच्याकडे एक पद्धत होती. धुकं पडलं, वादळ आलं, दिवे दिसेनासे झाले, की खाडीच्या तोंडाशी गरनाळ उडवायची. गरनाळ म्हणजे लोखंडी नळकांडं, आत ठासून दारू भरलेली. देवळात पालखी निघताना उडवतात तीच. तिचा आवाज आला की समुद्रातल्या माणसाने समजायचं, वाट तिकडे आहे. त्याने शंख फुंकायचा. म्हणजे ऐकलं, येतो आहे.

गरनाळ दाजींच्या ताब्यात असायची. दाजी म्हणजे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, देवाला गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचाच.

आणि पंचक्रोशीत स्कूटर होती एकच. डॉक्टर हरिश्चंद्रांची. त्या वर्षी तिला खोड लागली होती. चालता चालता सायलेन्सरमधून असा काही बार काढायची की बांधावरची गुरं दावं तोडायची. पोरं ओरडायची, "इली रे इली, डाक्टरांची गरनाळ इली!"

डॉक्टर स्वतःही हसायचे.

त्या संध्याकाळी बाबली, होडीचा म्होरक्या म्हणजे म्हातारा तांडेल परशुराम आणि शेजारचा बाळा असे तिघे समुद्रात होते. दुपारनंतर आभाळ फिरलं. वारा उठला. आणि त्याच वेळी तुळसाला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं. सुईणीने हात टेकले.

सहदेव धावत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी बॅग उचलली, स्कूटरला किक मारली, सहदेवला मागे बसवलं.

रस्ता खडपावरून जातो. खडप म्हणजे काळ्या कातळाचा किनारा. वर वळण, खाली नुसते सुळके. खाडीचं तोंड तिथून बरंच पलीकडे, दक्षिणेला.

वळणावर चढ लागला, आणि...

फाट्!

फाट्! फाट्!

डॉक्टर वैतागले. पण थांबायला वेळ कुठला.

तेवढ्यात सहदेवने खालून, समुद्राकडून, स्पष्ट ऐकलं...

एक लांब. मग दोन तोकडे.

त्याचा जीव भांड्यात पडला. घरी पोचताच त्याने दाराबाहेरूनच तुळसाला हाक दिली, "भिया नको गो! बाबली येता. शंख ऐकलंय मी आत्ता."

ते ऐकून बळ आलं, असं तुळसा आजीच पुढे सांगायची. डॉक्टरांनी शर्थ केली. मुलगी झाली, आई वाचली.

बाबली आला नाही.

सकाळी खडपात होडीच्या फळ्या सापडल्या. माणसं सापडली नाहीत, तिघांतलं एकही नाही. वाडी हळहळली, आणि सगळ्यांना एकच कोडं पडलं. परशुराम तांडेलाला हा किनारा डोळे मिटून पाठ होता. तो खडपाकडे वळलाच कसा?

तुळसाने कुंकू पुसलं नाही. पोरीचं बारसं करू दिलं नाही. "तेनी बघल्याशिवाय नाव कसा ठेवू?" एवढंच म्हणायची. रोज तिन्हीसांजेला पोरीला मांडीवर घेऊन दारात बसायची. सहदेवला ते बघवायचं नाही. तिला शंखाचं आपणच सांगितलं होतं ना! तो मागच्या दाराने घरात शिरायचा.

माघात डॉक्टर काही दिवस मुंबईला निघाले. स्कूटर दुकानात लावून म्हणाले, "सहदेवा, ही माझी लाज काढता रे. मी येतंय तोपर्यंत बरी करून ठेव."

सहदेव कामाला लागला. आधी प्लग काढला. काजळी धरलेला. घासला, गॅप बसवली. मग कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ केला. पॉइंट कानशीने घासले. सायलेन्सरचा जोड घट्ट केला. तिठ्यावर दोन फेऱ्या मारल्या. गाडी गप्प.

मनाशी म्हणाला, झालं काम. आणि घराकडे निघाला.

सूर्य बुडत होता. वळणाचा चढ लागला, आणि...

फाट्!

सहदेवने शिवी हासडली. गाडी उभी केली.

खालून शंख आला.

एक लांब. मग दोन तोकडे.

त्याने कठड्यापाशी जाऊन पाहिलं. समुद्र तळ्यासारखा शांत. लांबवर एक होडी नाही, एक शीड नाही. थोड्या वेळाने खडपात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. लाकडाचा... कातळावर.

मग काहीच नाही.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील काढलं, आणि खरा रोग सापडला. फ्लायव्हील जागेवर धरून ठेवायला आत एक अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते. ती कातरली होती. त्यामुळे चाक किंचित सरकून ठिणगी भलत्याच वेळी पडत होती. एसटीच्या ड्रायव्हरला सांगून त्याने कोल्हापूरहून नवी चावी मागवली, बसवली, टायमिंग लावलं. इंजिन असं गोड चालू लागलं की शेजारचा न्हावी हातातला वस्तरा ठेवून ऐकायला आला.

आता बार निघणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी उलट बाजूने, घराकडून येताना, वळणाच्या अलीकडे, उताराच्या तोंडाशी, सहदेवने मुद्दाम इंजिन बंद केलं. गाडी नुसती घरंगळत सोडली. चाकांखाली खडी वाजत होती, दुसरा आवाज नव्हता. वळण आलं...

फाट्!

इंजिन बंद होतं. सायलेन्सर गार होता. त्याने हात लावून पाहिलं.

आणि शंख. आज जास्त जवळून.

मग लाकूड कातळावर आपटलं. आणि वाऱ्यावर कोणीतरी ओरडलं. शब्द कळले नाहीत, पण आवाज भावाचा होता.

सहदेव गाडी तिथेच टाकून दाजींच्या घरी पळाला. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "दाजीनू, त्या दिवशी पण असोच शंख मारलेल्यान. तुमची गरनाळ ऐकून."

दाजींच्या हातातली विडी खाली पडली.

"खंयची गरनाळ? त्या दिवशी दारू भिजलेली रे. गरनाळ पेटलीच नाय."



दाजींना ठाऊक होतं की गरनाळ उडालीच नव्हती. सहदेवला ठाऊक होतं की शंख वाजला होता. इतके दिवस दोघांनी आपापला अर्धा भाग जवळ ठेवला होता. दोन्ही भाग आता जुळले. पोरीला जन्माला घालायला जी गाडी धावली, तिच्याच आवाजावर पोरीचा बाप खडपात गेला होता.

"डाक्टराक ह्या कधी कळता नये," दाजी म्हणाले. "तो जीव वाचवूक धावलेलो." मग हळूच म्हणाले, "ते तिघे अजून थंयच आसत. आवाज झालो की वळतत, आणि खडपार आपटतत. तेंका खाडीच्या तोंडार बोलवूक व्हया."

दुसऱ्या दिवशी दाजींनी कोरडी दारू भरून खाडीवर गरनाळ उडवली. दणका झाला. पाखरं उडाली.

शंख आला नाही.

"ह्यो आवाज तेंच्या कानार नाय," दाजी म्हणाले. "ते दुसऱ्या गरनाळीची वाट बघतत."

सहदेव दुकानात गेला. फ्लायव्हील पुन्हा उघडलं. टाकाऊ सामानाच्या डब्यातून ती कातरलेली चावी शोधली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने चांगलं चाललेलं इंजिन स्वतःच्या हाताने बिघडवलं. किक उलटी बसून घोटा सुजला, तरी थांबला नाही.

तुळसाला काय सांगावं हा प्रश्न होता. पण तो घरात शिरला तेव्हा तीच पोरीला फडक्यात गुंडाळून उभी होती.

"भावजी, माका पण दोनदा ऐकूक इलो. खडपाकडसून." मग खाली बघून म्हणाली, "तांदूळ धुवून ठेवलंय."

तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी ते गेले. दाजी, सहदेव, तुळसा आणि तिच्या खांद्यावर पोर. ओल्या, घट्ट वाळूवर स्कूटर उभी केली. सहदेवने किक मारली, मूठ पिळली.

फाट्! फाट्! फाट्!

त्याने इंजिन बंद केलं.

काही नाही. भरतीचं पाणी वाळूवर येत होतं, जात होतं.

मग... खडपाच्या बाजूने.

एक लांब. दोन तोकडे.

सहदेवने पुन्हा किक मारली. पुन्हा बार. शंख जवळ आला. आणखी जवळ. आता तो खडपाकडून नव्हता, खाडीच्या तोंडातूनच होता. वल्ह्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. समोर पाणी मोकळं होतं.

खर्रर्र...

होडीचा तळ वाळूला घासला. वाळूत एक लांब चर पडत वर येत गेला. होडी नव्हती.

दाजींनी टोपी काढली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां दर्यात वाट चुकली, तेंका किनाऱ्याक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सहदेव आणि तुळसा म्हणाले.

"परशुरामाक, बाळाक तेंच्या घराक पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

या वेळी आवाज जास्त होते. कोणी मागे पाहिलं नाही.

"बाबलीक तेच्या चेडवाचा तोंड दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा..."

हे अगदी तुळसाच्या खांद्यामागून आलं.

पोरीने मान वळवली. आईच्या खांद्यावरून मागे, जिथे कोणी नव्हतं तिथे, तिने दोन्ही हात पुढे केले आणि खळखळून हसली.

तुळसा पुढेच बघत राहिली. तिचे ओठ हलले.

"इलात? बघा... चेडू झाला. कपाळ तुमचाच आसा."

आणि मग ती रडली. वादळापासून पहिल्यांदा. सहदेवही रडला, वाळूत गुडघे टेकून, लहान पोरासारखा.

घरी येऊन तिने भात शिजवला, एक पान जास्त वाढलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. त्याच आठवड्यात पोरीचं बारसं झालं. नाव ठेवलं जानकी.

सहदेवने नवी चावी बसवली. जुनी खाडीत फेकली. त्यानंतर वळणावर कधीच बार झाला नाही. डॉक्टर परत आले, फेरी मारली, खूश झाले. "नेमका काय झालेला रे?"

"चावी कातरलेली, डाक्टरानू," सहदेव म्हणाला. "बारीकशीच."

याहून जास्त तो डॉक्टरांशी शेवटपर्यंत बोलला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण दाजींनी त्या संध्याकाळी देवाकडे एवढंच मागितलं, की त्यांना घरी पोचव. त्यापुढे त्यांना वाट दे, असं म्हणायचं राहून गेलं. दाजी गेले, आजोबा गेले, तुळसा आजी गेली. मागायचं ते कोणी मागितलं नाही, आणि आता मागायला कोणाची जीभ रेटत नाही.

दरवर्षी शिमग्याला आमच्या अंगणात गाऱ्हाणं होतं. आम्ही सगळे देवाकडे तोंड करून उभे असतो. आणि प्रत्येक "व्हय म्हाराजा"ला मागून, पडवीतून, एक आवाज जास्त येतो. पुरुषाचा आहे. अगदी तरणा.

जानकी आत्या आता साठीची झाली. गुडघे दुखतात म्हणून ती बाकावरच बसते. तो आवाज आला की ती मागे बघत नाही, घाबरत नाही.

बाकावर जराशी सरकते, आणि शेजारी जागा करते.