दरवाज्यावरची शिळा

पहारेकरी दारात आला तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात बूट.

"बाई, किल्ल्याच्या दरवाज्यावरची लेखाची शिळा गेली! तिथे कोरा दगड बसलाय. लेकीला दवाखान्यात नेलं, तेवढ्यात हे. साहेब म्हणतात, मीच विकली. संध्याकाळपर्यंत सापडली नाही तर नोकरी गेली, वर पोलीस."

शोधकामात नाव कमावलेल्या बाईंनी चहा तसाच ठेवला. सवयीप्रमाणे दीर मागोमाग निघाला.

किल्ल्याचं आता उरलंय किती? एक दरवाजा, दीड बुरूज, कोरडं टाकं. कमानीवरच्या कोनाड्यात तो दगड होता. शेजारचे दगड काळवंडलेले. हा पांढुरका, तोंडावर जुन्या, टणक चुन्याचे पापुद्रे. सांधे मात्र ओले.

"वहिनी, चोर मोठा टापटिपीचा! केसाइतकी फट नाही. असा मापाचा दगड मिळाला कुठे?"

"आणि शिळा नेली कशी, भाऊजी? चौघांना उचलायची नाही. वाटेवरच्या धुळीत ओढल्याची खूणही नाही."

"मग काय उडाली?" दीर पार गोंधळला.

किल्ल्याच्या डागडुजीवरचा गवंडी जवळच थापी धूत होता. "मास्तरांनी सांगितलं तसं केलं. सांधे भरले. आणखी विचारू नका."

किल्ल्याचा इतिहास लिहिणारे म्हातारे मास्तर आपल्या घराच्या व्हरांड्यात होते. "गेली ती गेली. आमच्या पूर्वजांनी किल्ला बांधला, हे माझ्या पुस्तकात आहेच. उद्या तो लिपी वाचणारा येऊन वेगळं काय सांगणार होता?"

बाईंनी सगळ्यांना दरवाज्यापाशी बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही."

"आं?" पहारेकरी आणि दीर एकदमच म्हणाले.

"जुना चुना भिंतीत दडलेल्या बाजूलाच चिकटतो. म्हणजे ही दगडाची पाठ. माप जुळतं, कारण दगड तोच. शिळा खाली गेलीच नाही. पहारी लावून जागच्या जागी फिरवली आणि उलटी बसवली. उद्या ती वाचली जाऊ नये, असं एकालाच वाटत होतं."

गवंड्याने कान पकडले. "मास्तर म्हणाले, अक्षरं झिजतात, तोंड आत कर, साहेबांना ठाऊक आहे."

मास्तर खाली बघत म्हणाले, "मी ती कधीच वाचली होती. बांधणारा दुसराच. पण फोडायला हात धजला नाही."

"दगडावर हात उचलवला नाही," पहारेकरी म्हणाला, "आणि माझ्या पोटावर पाय दिलात?"

"उद्या मी साहेबांना..."

"उद्या नाही, आज. आणि तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही."

मास्तर काठी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.