आईची जास्वंद

या रे पोरांनो, जवळ सरका. एका जास्वंदीची आणि वाट पाहणाऱ्या मुलीची गोष्ट सांगतो. ऐकताना मन आपोआप हात जोडील!

"मावशी, माझी जास्वंद वाळतेय गं!" तुरतुरी धावत आली.

मावशी विमानतळावर माळीकाम करायची. सुट्टीत तुरतुरी, भोपळ्या आणि चष्मिश ही मावसभावंडं तिच्याबरोबर यायची. दाराजवळची ती जास्वंद तुरतुरीच्या आईनं लावलेली. परदेशी नोकरीला निघताना तिनं रडवेला चेहरा इथल्याच बेसिनवर धुतला होता. म्हणाली होती, "हे पाणी शुद्ध होऊन तुझ्या जास्वंदीलाच मिळेल, बाळा. मी परत येईन तेव्हा इथंच उभी राहा."

मावशीनं सुस्कारा टाकला. "वास येतो म्हणून प्रवासी नाकं मुरडतात. 'हात धुतलेलं पाणी? शी!' व्यवस्थापकसाहेबांनी आठवड्यापासून ते पाणीच बंद केलंय. आणि प्यायचं पाणी झाडांना कुठून आणू?"

"थांब! पाणी बंद, मग वास अजून कसा येतो?" चष्मिशनं चष्मा वर सरकवला.

"भोपळ्या, तुझं नाक लाडवाच्या मागावर जातं ना? आज कामाला लाव!" तुरतुरी म्हणाली.

"लाडू मिळणार असेल तर!"

हुंगत हुंगत तिघं फुलांच्या दुकानामागं पोचली. फळीआड बादल्या! त्यांत कुजलेले देठ आणि हिरवट पाणी!

"ओतून टाकू?" भोपळ्यानं विचारलं.

"अंहं! आधी साहेबांना बोलाव!" तुरतुरीनं अडवलं.

साहेब आले. त्यांच्यामागं चार प्रवासीही जमले. भोपळ्यानं भोळा चेहरा केला. "काका, आजही वास येतोय?"

"येणारच! त्या वापरलेल्या पाण्याचाच तो!"

"पण ते तर तुम्हीच बंद केलंय ना?"

चष्मिशनं फळी ओढली. नाकाला पदर लावलेल्या एक आजी खो खो हसल्या. "अहो साहेब, त्या गरीब पाण्यावर उगाच आळ घेतला की आपण सगळ्यांनी!"

साहेब ओशाळले. "पोरांनो, शाबास! आमचं चुकलं." त्यांनी बादल्या हलवायला लावल्या आणि स्वतः जाऊन पाणी सुरू करवलं. नाकं मुरडणारेच आता वाकून पाणी हुंगू लागले. कशाचाच वास नव्हता!

सुट्टी संपता संपता जास्वंदीला लालचुटूक कळी आली. त्याच दिवशी आईचा फोन आला. रजा मिळाली नव्हती.

तुरतुरीनं त्याच बेसिनपाशी जाऊन डोळे धुतले. मग येऊन जास्वंदीपाशी उभी राहिली. "आई," ती पानांना म्हणाली, "माझंही पाणी येतंय हं इकडं."

पोरांनो, आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या दूरच्या आईची तेवढी आठवण ठेवा.