फळीमागचं पाणी

चिलोए बेटावरच्या दलदलीनं यास्नाचा उजवा बूट गिळला, तेव्हा तिला बाहेर ओढलं ते एका अनोळखी तरुणानं.

"बुटाचं नाव काय होतं?" त्यानं गंभीरपणे विचारलं. "हाक मारून बघतो."

यास्ना चिडली... आणि हसलीही.

तो दानिलो. शेवाळ काढून विकण्यासाठी लोकांनी दलदलीत चर खणले होते. सगळं पाणी वाहून गेलं, उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या. आता त्या चरांत फळ्या ठोकून पाणी अडवायचं, शेवाळ पुन्हा लावायचं, हे त्याचं काम. यास्नाही कामावर येऊ लागली. शेवाळ लावताना बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही उगाच ढगांकडे बघायची.

मग वाल्दिविया शहरातून फ्लोरेन्सिया आली. पाण्याची पातळी मोजायला. दानिलो तिच्या मागे मोजणीच्या नळ्या घेऊन फिरू लागला. दोघांनी मिळून मोठ्या चरावर बांध घातला. तिनं दिलेला माते, पानांचा गरम काढा, तो तिच्याच ओढायच्या नळीनं प्यायला, तेव्हा यास्नानं हातातला मिल्काओ, बटाट्याची ती जाड भाकरी, तशीच फडक्यात गुंडाळली.

"गोड होता का रे माते?"

"कडू होता. का?"

"काही नाही... चेहरा गोड झालाय तुझा."

त्या दुपारी पावसानं झोडपलं. यास्ना एकटीच मोठ्या चरापाशी होती. बांधाची मधली फळी कलली, खालून पाणी उसळलं. जाऊ दे वाहून, तिच्या मनात आलं. त्यांचा बांध, त्यांचं ते बघतील!

क्षणभर ती नुसती उभी राहिली. मग शिव्या देत कमरेइतक्या गार पाण्यात उतरली आणि फळीला पाठ लावून ओरडत राहिली.

दानिलो धावत आला. "वेडी आहेस का? गारठून मरशील!"

"मेले तर तुला काय? तुझी ती आहे ना!"

"ती शुक्रवारी दक्षिणेला चाललीय. तिथल्या कामावर मलाही बोलावतेय."

यास्नाचे ओठ थरथरले. थंडीनंच असेल. "मग... जाणार?"

"कुणीतरी थांब म्हणेल, म्हणून वाट बघतोय. पण ते कुणीतरी नुसते टोमणेच मारतंय."

"थांब," ती म्हणाली. टोमणा नव्हता, लाजणंही नव्हतं. "जाऊ नकोस, दानिलो."

तो पाण्यात उतरला, फळीला खांदा लावून तिला खेटून उभा राहिला.

फ्लोरेन्सिया खुंट आणि हातोडा घेऊन आली. तिनं बांध पक्का ठोकला, दोघांकडे पाहिलं. "झालं की! सोडा आता फळी."

कुणीच हललं नाही.