गिरिधरच्या उशाशी चालणारं मशीन

कोणाला पटो, न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. नागपूरच्या महाल भागातली एक गल्ली, १९८९ चा मे महिना... आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

गिरिधर शहराबाहेर, वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात रात्रपाळीला असे. झोपायचा दिवसा. झोप लागली की जोरात घोरायचा, आणि मग...

श्वासच थांबायचा.

थोड्या वेळाने गुदमरून, दचकून परत सुरू व्हायचा. अमेरिकेतल्या भावाने, कृष्णकांतने, त्यासाठी एक मशीन आणून दिलं होतं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा झोत. ते लावलं की गिरिधर शांत झोपायचा.

मे महिन्यात ते मशीन बंद पडलं.

त्याच्या बायकोने, कौशल्याने, कोणाकोणापुढे हात जोडले नाहीत? रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते उघडायलाच नकार दिला. डॉक्टरांनी असं मशीन कधी पाहिलं नव्हतं. हृदय थकलंय, मशीनशिवाय झोपू देऊ नका, एवढंच ते म्हणाले. महत्प्रयासाने अमेरिकेला फोन लागला. पार्ट यायला पावसाळा उजाडेल, असं कृष्णकांतने कळवलं.

तोवर ती दुपारभर खाटेशी बसायची. श्वास थांबला की हलवून उठवायची. तिची स्वतःची झोप कुठे गेली, तिलाच कळेना.

अशात कोणीतरी गांधीबागेतल्या रुपरावांचं नाव सांगितलं. ते जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे, वाइंडिंगचं काम. शेजारी लग्नाला गेलेले. तिने गिरिधरला खुर्चीत बसवलं, झोपू नका म्हणून बजावलं आणि बाहेरून कडी लावली. मशीन, नळी, मास्क, सगळं चादरीत बांधून ती सायकलरिक्षात बसली.

रुपरावांनी मशीन उघडून बराच वेळ पाहिलं. मोटार पार जळालीय, हिचं वाइंडिंग व्हायचं नाही आणि अशी दुसरी इथं मिळायची नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं. कौशल्या दुकानाच्या पायरीवरच बसली.

"घरी जा बाई," रुपराव म्हणाले. "माणूस एकटा आहे नं तिकडे?"

ती परतली तेव्हा गल्ली ओस पडली होती. लाईन गेलेली. एकाही घरात कूलर चालत नव्हता.

दाराची कडी तशीच होती.

पण आतून आवाज येत होता...

सूं... सूं... संथ, एकसारखा.

मशीनचा आवाज.

आणि मशीन तर तिच्या हातात होतं.

तिने कडी काढली. त्याच क्षणी आवाज थांबला.

गिरिधर खाटेवर गाढ झोपला होता. चेहऱ्यावर तेज. गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे ताजे वळ...

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्याने डोळे उघडले. "काहून उठवलं वं? आत्ताच तं मशीन लावून देल्लं तुनं."

कौशल्याने हातातलं गाठोडं खाटेखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्याजवळ बसली. श्वास पुन्हा थांबू लागला. उठवून उठवून तिचे हात गळाले. शेवटी ती उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

काहीच नाही...

मग... सूं... सूं...

पार्ट येईपर्यंत रोज दुपारी तिने हेच केलं. नवऱ्याला आत कोणाच्या हवाली करतेय, हे तिला ठाऊक नव्हतं. दाराला पाठ लावून ती उभी राहायची. फटीतून आत बघायची हिंमत तिने कधी केली नाही. ते जे काही होतं, ते निघून गेलं तर?

पावसाळ्यात पार्ट आला. रुपरावांनी तो बसवून दिला. तो दुसरा आवाज पुन्हा कधी आला नाही. गिरिधर पुढे कितीतरी वर्षं जगला. खरं काय ते तिने त्याला कधीच सांगितलं नाही.

एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "त्या उन्हाळ्यात तू माह्या छातीवर हात ठेवून बसून राहे नं वं. लय बरं वाटे मले. बर्फावानी थंडा हात..."

कौशल्याच्या हातातली पोळी तशीच राहिली.

मग ती हळूच म्हणाली, "हो."